माझ्या नावची शेवंती

सई, ईशान,

परवाच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनवर विचारलंत, "आजी, इकडे तुझ्या खोलीत कोणती फुलं ठेवायची?" आणि पडद्यावरून माझा चेहरा गेला. तुम्हाला वाटलं, रेंज गेली. इथे नागपुरात, धरमपेठेत रेंज उत्तम आहे. फोन मी बंद केला. तुमच्याशी वाकडं बोलायचं नव्हतं म्हणून बंद केला.

राग तुमच्यावर नाही. पण तो ताजा आहे तोवरच लिहून ठेवते. नाहीतर 'आजी आता फार चिडचिड करते' अशी एक गोष्ट तुमच्या घरात तयार होईल आणि मग तीच खरी ठरेल. तुमचं मराठी वाचन अडखळतं, हे मला ठाऊक आहे. जिथे अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या. त्यानं ते मोठ्यानं वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

घर सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी ते सतराव्या वर्षी केलं.

उमरेडच्या स्टेशनवर छोट्या लाईनची, अरुंद रुळांवरची गाडी उभी होती, नागपूरच्या इतवारीला जाणारी. माझ्याजवळ पत्र्याची ट्रंक, भाकरी आणि फडक्यात गुंडाळलेली तगरीची फुलं. फुलं आईनं दिली होती, होस्टेलात देवापुढे ठेवायला. आमच्या घरात फुलदाणी नव्हती. जागाच नव्हती. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि उरलेल्यात आम्ही सगळे. माझे वडील विणकर. सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. खटखट थांबली की आम्हाला कळायचं, जेवायची वेळ झाली. विहिरीजवळ तगरीचं एक झाड होतं. त्याची फुलं देवाला, उरली तर आईच्या केसात. नुसतं बघायला म्हणून घरात फूल ठेवतात, हे मला नागपूरला येईपर्यंत माहीत नव्हतं.

मला कॉलेजात पाठवावं, ही कल्पना आमच्या मास्तरांची. ती ऐकल्यावर घरात काका बोलले, आत्या बोलली, गल्लीतले लोक ओट्यावर बसून बोलले. मी आत धुणं वाळत घालत होते. एका दुपारी वडिलांनी माग थांबवला आणि मला समोर बसवलं.

"सारे बोलून राहिले. तुले कोनी विचारलं का? तुले जायचं हाय का नाही?"

मी म्हटलं, जायचं आहे.

"मंग तूच सांग सगळ्यायले. कोनी पाठवलं म्हनून जाऊ नको. जानाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगा लागते."

मी सांगितलं. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण गाडी हलली तेव्हा मला कुणी ढकलत नव्हतं. वडील प्लॅटफॉर्मवर उभे होते, हातावर सुताचा रंग, आणि मी चालले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बी.ए. झालं, शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, तुमच्या आजोबांशी लग्न झालं, आणि आम्ही धरमपेठेत हे घर घेतलं. अनेक वर्षांनी एके रात्री जेवताना तुमच्या बाबानं पोळीचा घास तसाच ठेवला आणि म्हणाला, "आई, मला कॅनडात नोकरी मिळाली. मी जातोय." त्यानं विचारलं नाही, सांगितलं. बरोबर केलं. ज्याला जायचं त्यानं सांगायचं. मी त्या रात्री मोरीत नळ सोडून रडले, पण त्याला अडवलं नाही. हे वाक्य, मंदार, तू दोनदा वाच.

आता फुलांकडे येते, कारण भांडण फुलांवरून आहे.

आजोबा गेले तेव्हा घर गुच्छांनी भरलं होतं. प्लास्टिकमध्ये करकचून बांधलेले, वर चमकी मारलेले. ते सुकले, मी टाकले, आणि मग घरात एकही फूल राहिलं नाही. त्या हिवाळ्यात धरमपेठेच्या बाजारात एक मुलगी बादल्या मांडून बसलेली दिसली. बादल्यांत झिनिया, अ‍ॅस्टर, शेवंती. देठ लांब, पानांवर माती. तिचं नाव कल्याणी. हिंगण्याच्या पलीकडे तिची लहानशी फुलशेती आहे. नवरा कंपनीत पाळीवर जातो. ही आणि हिची सासू फुलं बघतात.

"काकू, हंगामाचं सबस्क्रिप्शन घ्या," ती म्हणाली. "पैसे आत्ता, फुलं दर गुरुवारी."

"जे उगवलंच नाही त्याचे पैसे आत्ता?"

"मंग काय! तुम्ही घेता म्हटलं तरच मी लावणार ना. तुमच्या वाट्याचं माझ्या वाफ्यात असते."

मला हे पटलं. मी आयुष्यभर जूनमध्ये मार्चपर्यंतचं नियोजन केलेली बाई आहे. हिवाळा संपला, उन्हाळ्याचं घेतलं. मे महिन्यात ती आली तेव्हा हातात काय, तर बटनफुलं, वाळलेलं गवत आणि कडुलिंबाच्या दोन फांद्या. "काकू, रागावू नका. नागपूरच्या उन्हात माणसं वाळून राहिली, फुलं कुठून आणू?" मी रागावले नाही. तो गुच्छ पाऊस येईपर्यंत टेबलावर होता. पावसाळ्यात गुलछडी आली आणि जिन्यापर्यंत वास गेला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "काय वं, कोणाचं लग्न काढलं?"

तुमच्या बाबाला मी हे कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "पण आई, घरात बघायला आहे कोण?"

मी आहे. मी बघते. हे उत्तर मी तेव्हा दिलं नाही, म्हणून आता देते.

मग त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, फुलांचे पैसे माझ्या कार्डावर टाकतो, आपोआप जातील, तुला त्रास नको. विजेचं बिल असंच त्याच्याकडे गेलं होतं, गॅस गेला होता. 'तुला त्रास नको' म्हणत एकेक गोष्ट माझ्या हातून निघून गेली आणि प्रत्येक वेळी मी वर आभार मानले. याचाही राग आहे, आणि तो माझ्यावर आहे.

यंदा आषाढात मी बाथरूममध्ये पडले. डावं मनगट मोडलं. धंतोलीच्या दवाखान्यात प्लास्टर झालं आणि बाबा धावत आला. पंधरवडाभर त्यानं माझी जी सेवा केली ती मी विसरणार नाही. माझे केससुद्धा त्यानं विंचरले, वाकडा भांग पाडून. जाताना म्हणाला, "आई, तिकडे ये थोडे दिवस." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे बघू. माझ्या कोशात त्याचा दुसरा अर्थ नाही.

पोळा झाला, आणि त्यानंतरच्या गुरुवारी कल्याणी आली नाही. मी दुपारपर्यंत फुलदाणी धुऊन, पाणी भरून ठेवली होती. शेवटी फोन केला.

"अवो काकू, मले वाटलं तुम्ही सामान बांधून राहिल्या असाल! तुम्ही चालल्या ना कॅनडाले? कायमच्या?"

"कोण म्हणालं?"

ती लगेच गुलछडीच्या भावावर बोलायला लागली.

"कल्याणी, कोण म्हणालं?"

"तुमच्या मुलाचा मेसेज आला होता. इंग्लिशमध्ये. आई शिफ्ट होते, हिवाळ्याचं बंद करा म्हणून. काकू… तुम्हालेच माहीत नाही का?"

मी घर सोडते आहे, ही बातमी मला फुलवालीकडून कळली.

मी आधी तिलाच झापलं. "तुला फुलं मी सांगितली होती ना? मग बंद करताना मला का नाही विचारलंस?" ती बिचारी म्हणाली, "काकू, कार्ड त्यायचं. अन् एवढं सारं इंग्लिश पाहून मी घाबरली." तो मेसेज मी नंतर वाचला. व्याकरणात एक चूक नाही. मीच शिकवलेलं इंग्रजी.

मग त्याला फोन लावला. तिकडे पहाट होती. असू दे.

"आई, मी सांगणारच होतो."

"कधी? विमानात?"

"तसं नाही गं. घराला एक चांगलं गिऱ्हाईक आलंय. सगळं जुळलं की मग तुला…"

"घर माझ्या नावावर आहे."

"हो, पण तू एकटी, परत पडलीस तर? मला इथे झोप लागत नाही, आई."

"मनगट मोडलं होतं, मंदार. डोकं नाही."

तो रडायला लागला. माझा मुलगा खोटारडा नाही, त्याला खरंच भीती वाटते, हे मला कळतं. रात्री माझा फोन लागला नाही तर त्याचं काय होत असेल, हेही कळतं. तरीही राग गेला नाही आणि जायचं कारणही नाही. चौथी शिकलेल्या माझ्या वडिलांनी माग थांबवून सतरा वर्षांच्या पोरीला विचारलं होतं. माझ्या इंजिनिअर मुलाला शहात्तर वर्षांच्या आईला विचारायला फुरसत झाली नाही. त्यानं पेपर, दूध, फुलं अशी यादी केली आणि फुलांपासून सुरुवात केली. त्याला वाटलं असेल, फुलं सगळ्यांत कमी गरजेची. नाहीत. दूध कुणीही कुणालाही देतं. ते गावातल्या सगळ्यांसाठी येतं, मी असो वा नसो. पुढच्या हिवाळ्यात ही बाई इथे असणार असं धरून आता माझ्यासाठी काहीतरी लावणारी एकच व्यक्ती या शहरात होती. त्यानं तिला सांगितलं, ती नसणार.

शनिवारी मी ऑटो केला आणि हिंगण्याला गेले. चिखलातून कल्याणीनं हात धरून नेलं. शेवंतीची रोपं वीतभर झालेली होती आणि तिची सासू वाफ्यात बसून एकेकाचा शेंडा खुडत होती. मी म्हटलं, एवढं चांगलं वाढलेलं, काहून खुडता?

"खुडलं का चिडते बाई ते," त्या म्हणाल्या, "अन् मंग चारी अंगानं फुटते."

कल्याणी म्हणाली, "ही कडेची लाईन तुमच्या नावची होती काकू. दुसऱ्या कोणाले देणार होती, पण अजून दिली नाही."

मी हिवाळ्याचे पैसे तिच्या हातात ठेवले, माझ्या पेन्शनचे, आणि मुलाच्या नंबरच्या जागी माझा नंबर तिच्या फोनमध्ये स्वतः घातला. घर बघायला ते गिऱ्हाईक सोमवारी आलं. सज्जन माणूस. त्याला मी चहा दिला, चिवडा दिला आणि हे घर विकायचं नाही असं सांगितलं. बाथरूममध्ये दांडे बसवायला मिस्त्री येऊन गेला आहे. रोज रात्री झोपण्याआधी मी बाबाला फोन करणार आहे. त्याच्या भीतीसाठी एवढं मी करीन. यापेक्षा जास्त नाही.

इथे मला सगळे म्हणतात, नशीबवान आहात, मुलगा बोलावतोय. बोलावलं असतं तर मीही म्हटलं असतं. मला न्यायला निघाले होते.

तर सई, ईशान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एप्रिलमध्ये इथे काही उगवेनासं झालं की मी तुमच्याकडे येईन. तुमच्याकडे त्या वेळी जे फुलत असेल ते ठेवा, मला सगळं चालतं. त्या खोलीला मात्र 'आजीची खोली' म्हणू नका. पाहुण्यांची खोली म्हणा. पाऊस लागायच्या आत मी परत येईन, कारण तेव्हा पुढची लावणी असते. आणि कधी कायमचं यायचं ठरलंच, तर ते तुम्हाला माझ्या तोंडून कळेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

उमरेडचा माग नाही, ते घर नाही, आता छोटी लाईनही नाही. तुमचे आजोबा नाहीत. गुरुवारी सकाळी बेल वाजते, आणि दार मी उघडते.

— आजी