रेडिएटरचं झाकण

माझ्या बायकोच्या, शालनच्या हाताबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे, ते मी सांगितलेलं आहे. आमच्या सगळ्या गावात, कोऱ्हाळ्यात, तेच ठाऊक आहे. दुसरं जे आहे ते आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. ते फक्त दोघांना माहीत होतं. आता मी एकटाच उरलोय.

आधी एक सांगतो. मी शेतकरी असलो तरी तरुणपणी बारामतीत मोटार मेकॅनिकचा कोर्स केलाय. गाडीतलं पाणी तापलं की फुगतं, जादा झालेलं शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं, इंजिन गार झालं की परत आत ओढलं जातं — हे मला पाठ होतं. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. ती आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी उकळण्याच्या पुढं तापलं तरी उकळत नाही. गप असतं. पण तापलेलं असताना झाकण काढलं, की दाब जातो आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं. नवशिक्यालासुद्धा पहिल्या दिवशी हेच बजावतात. मग मला माहीत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

आमच्या पिकअपची ती बाटली तडकली होती. बाहेर आलेलं पाणी आत परत जायचंच नाही, गळून जायचं. बदलू, बदलू म्हणत उन्हाळा आला. रोज वरून पाणी घालायचो आणि गाडी दामटायचो.

त्या दिवशी टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही दोघं बारामतीला निघालो होतो. लिलावाची वेळ होत आलेली. वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात आडत्याचा फोन — कुठं आहात, माल लागतोय. मी बोलत बोलत रस्त्याच्या कडेला चकरा मारत होतो. शालन पाण्याचा कॅन घेऊन पुढं उभी राहिली.

"अवो, झाकण काढू का? लई तापलंय. कुकरागत उडायचं न्हाय नव्हं?"

तिनं विचारलं होतं. नीट, शहाण्या माणसानं विचारावं तसं. आणि मी — फोनवर हात धरून मी तिच्यावर खेकसलो. "कुकर न्हाय ती, गाडी हाय. काढ की! फडकं धर आन् काढ."

तिनं काढलं.

मला तो आवाज सांगता येणार नाही. तिनं तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले. उजवा हात कोपरापर्यंत, मान, हनुवटी... कॅनमधलं पाणी मी तिच्या हातावर ओतलं.

पण कबूल करायचंय ते एवढंच असतं, तर कदाचित मी केव्हाच बोललो असतो. चूक झाली म्हणालो असतो. खरी गोष्ट पुढं आहे.

दवाखान्यात इंदापूरहून तिचा भाऊ आला. "दाजी, झालं कसं?" त्यानं विचारलं. शालन तिथंच कॉटवर होती, जागी होती. आणि मी म्हणालो, "मी नगं नगं म्हणतोय, तवर हिनं झाकण काढलं बी. हिला दम कुठाय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं बघत होतो. मग ती भावाला म्हणाली, "व्हय. माझीच घाई झाली."

का म्हणाली? माझी लाज राखायला? भावात आणि माझ्यात वितुष्ट नको म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या गोष्टीला तोंड फुटलं असतं.

त्यानंतर ती पिकअपमध्ये बसली नाही. आणि मी ती खोटी हकिकत सांगत राहिलो — लग्नात, चहाच्या टपरीवर, पावण्यांत. हळूहळू ती हसायची गोष्ट झाली. लोक हसायचे, ती पदर हातावर ओढून घ्यायची. घाईची बाई, असं तिचं नाव पडलं. जी बाई भाकरीचं पीठसुद्धा सावकाश मळायची, तिचं.

वैशाली, आमची लेक, बाळंतपणाला आली. बाळाला न्हाऊ घालायला शालन पाट मांडून बसली. वैशाली म्हणाली, "आई, नको. तुझी घाई असती. पाणी कढत घेशील. मी बाई लावलीय."

शालन उठली आणि न्हाणीच्या दारात टॉवेल धरून उभी राहिली. ती बाई तिच्या नातवाला न्हाऊ घालत होती, आणि ही बघत होती. मी ओसरीवर होतो. दहा पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं. मी चपला घातल्या आणि रानात गेलो.

गेल्या वर्षी शालन गेली. तापाचं निमित्त झालं. घर आता मोठं वाटतं, वैशालीचा फोन येतो, मी बरं आहे म्हणतो.

दहाव्याला बाया बसल्या होत्या. वैशाली रडत रडत म्हणाली, "आई मनानं लई चांगली, पण घाईची फार. त्यापायीच हात भाजून घेतला. व्हय ना, अण्णा?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी मान हलवली. व्हय म्हणालो.