पट्टेवाल्या माशाचं नाव

दौंडच्या दुकानातून मी मिक्स आफ्रिकन मासे आणले. त्यातल्या एका फिकट निळ्या, काळ्या पट्ट्यांच्या सिक्लिड मासळीचं नाव दुकानदारालाही सांगता आलं नाही. वरवंडच्या आमच्या घरी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खुर्ची माशांच्या काचेच्या टाकीसमोरच असते. "कळलं का रं तिचं नाव?" असं ते रोज विचारायचे. मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, तर त्यांनी पोटाखालचा पंख नीट दिसेल असा फोटो मागितला.

त्या आठवड्यात ती काहीच खात नव्हती. "आजारी दिसतीया, धरू नगं तिला," आप्पा म्हणाले. मला मात्र नावाची घाई झाली होती. जाळी घेऊन मी तिला कोपऱ्यात गाठलं. तिनं तोंड उघडलं आणि आतून इवलीशी पिल्लं बाहेर पडली. मी काही करायच्या आत बाकीच्या माशांनी ती गिळून टाकली.

"आरं, पिल्लं व्हती ती," एवढंच आप्पा बोलले.

मी फोटो तरीही काढला.

संध्याकाळी उत्तर आलं. ती केन्यीची मादी होती. ही जात पिल्लं तोंडात सांभाळते आणि तोवर उपाशी राहते. मी ते आप्पांना वाचून दाखवलं, पण त्यांच्याकडे बघवेना.

पुढं तिच्या तोंडात पुन्हा पिल्लं आली आणि गळा फुगला, तेव्हा मी बाकीचे मासे दुसऱ्या टाकीत हलवले. ती पिल्लं जगली. घरी येणारे त्यांचं कौतुक करतात, तेव्हा मला तिथं उभं राहवत नाही.