वर्ग रथ

चहा जरा जास्तच टाका. ही फजिती एका कपात मावणारी नाही. आणि हसू आलं तर खुशाल हसा. माझ्याकडे बघून हसू दाबणारी माणसं अलीकडे फार वाढली आहेत. त्यांचा मला कंटाळा आलाय.

तर आमची व्हॅन. जुनी, पांढरी. तुम्ही पाहिली नसेल तर ऐकली तरी असेलच. "सर, गाडी भरवशाची आहे का हो?" असं लोक विचारतात. मी सांगतो, अत्यंत भरवशाची. बंद पडणार म्हणजे पडणारच! उन्हाळ्यात तापून, थंडीत गारठून, आणि सोलापुरात पाऊस पडलाच तर त्या आश्चर्यानं.

पण घेतली कशाला, हे आधी ऐका. सुमाचं, माझ्या बायकोचं, माहेर वळसंग. धाकटी बहीण शैला त्याच गावात दिलेली. दारात मोठी गाडी, आणि जीभ त्याहून मोठी. आम्ही एसटीतून उतरलो की वेशीपासूनच सुरू : "अगं ताई, एसटीनं आलीस व्हय? फोन केला असतास तर गाडी पाठवली असती की!" सुमा हसायची. घरी आल्यावर मात्र नळ सोडून बराच वेळ तोंड धुवत बसायची. तिनं आयुष्यात मागितलं ते एवढंच, की एकदा तरी माहेरच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं.

नवी गाडी घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. अक्कलकोट रोडवरच्या एका दलालाकडे ही मिळाली. मागच्या काचा दुधी, आतली बाकं काढलेली, फरशी धुऊन लख्ख. मी म्हटलं, "एवढी स्वच्छ कशी?" दलाल म्हणाला, "सर, ह्या गाडीत कधी कुणी आरडाओरडा केला नाही, काही सांडलं नाही, पान खाऊन थुंकलं नाही." असली सज्जन माणसं गाडीतून फिरवणारा मालक कोण, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

उलट मीच शोध लावला. मागच्या दारावर, पांढऱ्या रंगाखाली, पुसट अक्षरं होती. उन्हात तिरकं बघितलं की दिसायची : "वर्ग रथ". मी मराठीचा मास्तर. मला भरूनच आलं. म्हटलं, सुमा, बघ, कुठल्यातरी शाळेची गाडी आहे. शाळाही मराठीवर प्रेम करणारी! लोक स्कूल व्हॅन म्हणतात, यांनी काय सुंदर शब्द काढलाय. वर्ग रथ!

सुमा म्हणाली, "मग पोरं बसायची कुठं? बाकं कुठायत?"

"काढली असतील."

मग बाकं बसवली आणि पुढे एक चमत्कार सुरू झाला. मी गाडी घेऊन निघालो की रस्त्यातली माणसं नमस्कार करायची! पानवाला, भाजीवाली, सायकलवरून एमआयडीसीत निघालेले कामगार. एकजण तर चपला काढून उभा राहिला. मी सुमाला म्हटलं, "बघ. मास्तराला पगार नसतो, पण मान असतो. हे सगळे माझे जुने विद्यार्थी."

"ती भाजीवाली तुमच्यापेक्षा मोठी आहे."

"मग तिचा मुलगा असेल."

मीही एक हात स्टेअरिंगवरून काढून सगळ्यांना नमस्कार करायचो. हसून. कधी काच खाली करून "काय, बरंय ना?" असंही विचारायचो. लोक अशा नजरेनं बघायचे की काय सांगू! मला वाटायचं, किती हा आदर.

बंद पडायची तेव्हा आमची वाटणी ठरलेली. मी उतरून मागून ढकलायचं, सुमानं स्टेअरिंगवर बसायचं. दुसरा गिअर, क्लच दाबून धरायचा, गाडीनं वेग घेतला की मी ओरडणार, "सोड!" आणि ती सोडणार. पण ती नेहमी आधीच सोडायची. गाडी हिसका देऊन पुन्हा गप्प.

"सुमा, तू फार लवकर सोडतेस!"

"मग किती वेळ धरून बसू? पाय दुखतो माझा!"

सोलापुरातले निम्मे चौक आमच्या या संवादाचे साक्षीदार आहेत.

मग आलं शैलाच्या मुलीचं, पूजाचं लग्न. वळसंगलाच. सुमानं ठेवणीतली इरकल काढली. गाडीला झेंडूची माळ घातली. आणि ऐका, त्या दिवशी गाडी एकदाही बंद पडली नाही! मांडवाच्या दारात थांबली, सुमा उतरली, पदर सारखा केला. शैला बघतच राहिली. माझं आयुष्य तिथंच थांबलं असतं तरी चाललं असतं.

पण थांबली ती नवरदेवाची गाडी. पाठवणीच्या वेळी तिचं चाक पंक्चर, शैलाची मोठी गाडी पाहुणे सोडायला गेलेली, आणि नवरी तर तिन्हीसांजेच्या आत अक्कलकोटला पोचायला हवी. सुमा पुढे झाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची गाडी आहे की!"

ते "आमची" तिनं कसं म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं.

पूजाला बसवलं. ओटीत नारळ, डोळ्यांत पाणी. नवऱ्यामुलाच्या आजीला हात धरून आणलं. आजी गाडीसमोर आली, थांबली, आणि तिनं दोन्ही हात जोडले.

मी पटकन पुढे झालो. "अहो आजी, मला कसला नमस्कार? मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"तुला कोन करतंय रे!" आजी म्हणाली. "गाडीला करतोय मी. अय्यो शिवने, आमच्या मालकाला ह्यातनंच नेलं की!"

"कुठं नेलं?"

"कुटं म्हंजे? तुला बी न्हेतील एक दिस, तितं!"

मांडवात सनईवाल्यानंसुद्धा तोंडातली सनई काढली. मी म्हटलं, आजींचा काहीतरी गैरसमज होतोय, ही शाळेची गाडी आहे, हे बघा, स्पष्ट लिहिलंय, वर्ग रथ! वऱ्हाडातला एक तरुण मागे गेला. ओल्या रुमालानं दार पुसलं. मान तिरकी केली.

"सर, अलीकडं अजून एक अर्धा स हाय."

स्वर्गरथ.

पूजा गाडीतून उडीच मारून बाहेर आली. नारळ घरंगळत गेला. आणि शैला, जिच्या जिभेला त्या दिवशी सकाळपासून विश्रांती होती, ती म्हणाली, "दाजी, माझ्या लेकीला नेमकं कुटं पोचवाय निघाला हुता?"

लोक हसले. मीही हसलो असतो. पण सुमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

आम्ही निघालो. म्हणजे निघायला बसलो. गाडी ढिम्म. जाताना शहाण्यासारखी वागलेली गाडी त्या क्षणी, भर मांडवासमोर, बंद! आणि ढकलायला एक माणूस पुढे येईना. "हात लावला तर अंगोळ करावी लागंल," कुणीतरी म्हणालं. शेवटी सुमा स्टेअरिंगवर बसली आणि सगळ्या माहेरासमोर मी एकटा तिला ढकलत गावाबाहेर घेऊन गेलो. "सोड!" तिनं लवकर सोडला. "अगं, लवकर सोडलास!" पुन्हा.

गाव मागे पडल्यावर गाडी सुरू झाली. मी आत बसलो. मला वाटलं, आता ही घरी जाऊन नळ सोडणार. बघतो तर तिचे खांदे हलत होते. हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, अर्ध्या अक्षरासाठी पोरांचे मार्क कापता तुम्ही! आणि त्या चपला काढलेल्या माणसाला काय विचारलंत? बरंय ना!"

मग डोळे पुसून म्हणाली, "एक सांगते. मी गेले की मला यातून नेऊ नका. ही स्मशानाच्या दारात बंद पडायची, आणि तुम्ही म्हणाल, सुमा, जरा उतर आणि स्टेअरिंगवर बस."

नाही नेलं. पुढच्याच वर्षी वेळ आली, तेव्हा नवी कोरी गाडी आली. अक्षरं मोठी, निळी, अर्धा स ठळक. एका किल्लीत सुरू झाली. इतकी भरवशाची गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. अशा गाड्या कोण बनवतं, आणि का?

आता खरी फजिती.

परवा शैलानं जेवायला बोलावलं. हल्ली ती मला टोमणे मारत नाही. तेही सहन होत नाही. वळसंगच्या अलीकडे गाडी बंद पडली. मी उतरलो, मागे गेलो, दाराला खांदा लावला. थोडा उतार होता. वेग आला. मी जीव खाऊन ओरडलो, "सोड, सुमा, सोड!"

गाडी शांतपणे रस्ता सोडून बाभळीत गेली.

मोटारसायकलवरचा एक माणूस थांबला. त्यानं दाराकडे बघितलं, हात जोडले आणि हळूच विचारलं, "काका, आत मयत हाय व्हय?"

"नाही. रिकामी आहे."

"मग ओरडत कुणावर हुता?"

"मास्तर आहे मी. रिकाम्या वर्गावर ओरडायची सवय आहे."

माणूस भला होता. गाडी बाभळीतून बाहेर काढायला मदत केली आणि म्हणाला, "तुमी स्टेरिंगवर बसा, मी ढकलतो." मी बसलो. दुसरा गिअर, क्लच दाबून. इतकी वर्षं हे मी बाहेरून शिकवत होतो. आत कधी बसलोच नव्हतो. मागून तो ओरडला, "सोडा!" माझा पाय उचलेपर्यंत वेग गेला, गाडी हिसका देऊन गप्प. पुन्हा ढकललं. "सोडा, सोडा की!" पुन्हा गप्प.

तो घाम पुसत खिडकीशी आला.

"काका, सोडा म्हटलं की सोडायचं असतंय. लई धरून बसताय बघा तुमी!"

मी खिडकीतूनच त्याला नमस्कार केला. पाय मात्र अजून क्लचवरच होता.