स्वामींच्या घरचं कुंकू

२१ जानेवारी. हळदीकुंकवासाठी मठात सतरंज्या टाकायच्या होत्या आणि वाणासाठी नेरहून आणलेल्या स्टीलच्या वाट्या पुसायच्या होत्या. दोन्ही कामं दुपारीच उरकली. आधी स्वामींचं चरित्र, मग कुंकू, हे मीच ठरवलं होतं.

स्वामी आमच्या गावचे. लेक पाळण्यात असताना घर सोडून गेले, संन्यास घेतला, वेदान्तावर ग्रंथ लिहिले. आता दूरच्या आश्रमात असतात. त्यांची शिकवण मला पाठ आहे: आत्म्याला नाव नाही, नातं नाही, समोरच्यात तोच पाहा. तीही सांगितली. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध करतो, पिंडही स्वतःच ठेवतो, हे तर जरा रंगवूनच सांगितलं. पहिल्याच रांगेत स्वामींची बायको बसली होती. गावात सगळ्या तिला काकू म्हणतात.

मग करंडा घेऊन निघाले. काकूंसमोर आले आणि बोट थांबलं. कपाळावर त्यांचं रोजचं कुंकू होतं, तरी माझ्या मनात आलं, नवऱ्याचं श्राद्ध झालेलं, हिला लावावं की नाही? वाटी त्यांच्या हातात ठेवली आणि पुढच्या बाईकडे वळले.

"काहून वं, काकूले काहून सोडलं?" ती बाई मोठ्यानं म्हणाली.

"स्वामीजींचं श्राद्ध झालं ना, म्हणून म्हटलं..."

काकू हसल्या. "श्राद्ध त्याईनं त्याईचं केलं वं बाई. माह्यं नाही केलं."

बायका खदखदून हसल्या. "आता सांग चरित्र!" मागून कोणी तरी ओरडलं. तिथंच मागे वळून कुंकू लावावं, एवढंही सुचलं नाही. पुढची कपाळं उरकत गेले. शेवटी पाहिलं तर काकू निघून गेल्या होत्या. वाटी सतरंजीवरच होती.

समोरच्यात तोच पाहा, असं सांगून मी घोटभर पाणी प्यायले होते आणि लगेच एका बाईचं कपाळ तपासायला बसले होते. जेवताना नवऱ्यानं कार्यक्रम कसा झाला विचारलं. झाला, एवढंच म्हटलं.

सकाळी करंडा घेऊन काकूंच्या घरी गेले. त्या अंगणात तुरी बडवत होत्या. काठी थांबली नाही.

"आता कायले? सोडलं चार बायाईत, अन् लावाले एकटी आली?"

घरी आले आणि कालच्या बायकांना फोन लावत बसले. संध्याकाळी काकूंच्या अंगणात या, म्हटलं. कायले, असं प्रत्येकीनं विचारलं. काल मी चुकले, ते तुमच्यासमोरच कबूल करायचं आहे, असं प्रत्येकीला सांगितलं.