हिरडीतली रात्रपाळी

परवा सकाळी अव्वांनी मशेरीची डबी मागितलीच नाही...

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. मंद्रूपला शेतावर असतात. सोलापूरला आमच्याकडे सहसा येत नाहीत, शेजारच्या विणकरांच्या मागांच्या खडखडाटात त्यांना झोप लागत नाही. या खेपेला आल्या त्या दाढेसाठी. हलणारी दाढ काढून बरेच दिवस झाले होते, पण हिरडीतली जखम काही भरत नव्हती.

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर दातांचे डॉक्टर बसतात. त्यांनी जखम पाहिली, अव्वांच्या काळवंडलेल्या हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "आजी, मशेरी लावता?"

"लगीन झाल्यापासनं," अव्वा म्हणाल्या. "सासूनं लावली सवय. ती बी गेली, माजे दात बी चालले. मशेरी तेवढी ऱ्हायली."

डॉक्टर हसले. ते विणकरांच्या घरातले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात माग आलाच. म्हणाले, हिरडीत बारीक बारीक पेशी असतात. जखम झाली की त्या काठाकडून सरकत आत येतात, धागे घालतात. त्या धाग्यांच्या आधारानं नवं मांस धरतं, वरून पातळ कातडी येते. अंगावरची जखम वण ठेवून जाते, तोंडातली बहुतेक वेळा तेवढाही ठेवत नाही. फक्त त्या कोवळ्या विणीवर रोज सकाळी भाजल्या तंबाखूची पूड घासायची नाही.

"रातपाळी बी करत्यात व्हय त्या?" अव्वांनी विचारलं.

"रात्रपाळी, दिवसपाळी... सुट्टीच नाही त्यांना."

जिन्यापाशी मात्र त्यांनी मला थांबवलं. हळूच म्हणाले, काही आठवडे वाट बघू. नाही भरली तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कशासाठी, ते न सांगताही मला कळलं.

टांग्यात अव्वा वाटभर कनवट चाचपत होत्या. घरी आल्यावर त्यांनी कनवटीची मशेरीची डबी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. "तुज्यापाशी ठेव. मागितली तरी देऊ नगंस."

आणि दुसऱ्याच दिवशी मागायला लागल्या... पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, मी स्टोव्ह पेटवायची, आणि उंबऱ्यावरून हात पुढं यायचा.

"दे की गिरिजे. चिमूटभर."

"नाही अव्वा."

"लई कडक हायस. बगायला आलो तवा लई गरीब वाटली हुतीस."

"तेव्हाच नीट पारखायचं होतं."

मग त्या गुमान तोंड उघडायच्या आणि मी बॅटरीच्या उजेडात आत बघायची. इतकी वर्षं मी या बाईच्या हाताखाली काम केलं, बोलणी खाल्ली, त्यांच्या पाया पडले. पण त्यांचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. हनुवटीवरचं गोंदण हिरवं नव्हे, निळसर आहे हे मला आत्ता कळलं. थोडा वेळ गेला की मिटल्या डोळ्यांनीच त्या कानडीत म्हणायच्या, "साकु, साकु." म्हणजे, पुरे आता.

जखमेचा खळगा रोज तसाच दिसायचा. कडा लाल, मध्ये पांढुरकं. मी म्हणायची, "बरं वाटतंय आज." त्या म्हणायच्या, "खोटं बोलायला बी यीना तुला."

पहाटे अर्धवट झोपेत शेजारचे माग ऐकू येत. वाटायचं, हा आवाज तिकडून येतोय की अव्वांच्या अंधाऱ्या तोंडातून... तिथं कुणीतरी वाकून बसलंय, दिव्याशिवाय, एक धागा इकडून, एक धागा तिकडून. मला दिसतोय तो नुसता खळगा. त्या विणणाऱ्यांना कदाचित कापड दिसत असेल.

...तर परवा. भोंगा झाला, स्टोव्ह पेटला, चहा उकळला. हात काही पुढं आला नाही.

मला वाटलं, झालं. शेजारच्या अक्कांकडून चिमूट मिळवली असणार. त्याही लावतात. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात गेलं, असं वाटून मी जरा रागानंच म्हटलं, "अव्वा, तोंड उघडा बघू."

त्यांनी उघडलं. मी बॅटरी धरली.

खळगा उथळ झाला होता. आणि त्याच्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, गुलाबी कातडी होती. पातळ, ओलसर, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी. आजूबाजूची सगळी हिरडी अव्वांच्या वयाची, आणि मध्ये हा तुकडा... त्याला अजून वयच नव्हतं.

मी बॅटरी विझवली.

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"भरली अव्वा." मग म्हटलं, "आज डबी नाही मागितली?"

त्यांनी आपल्या रिकाम्या तळहाताकडं पाहिलं. "मागितली न्हाय व्हय मी? ...इसरलेच की."

काल डॉक्टरांनी पाहिलं. तुकडा काढायची गरज नाही म्हणाले. परतीच्या टांग्यात अव्वा सगळ्या वाटभर ज्वारीच्या काढणीचं बोलत होत्या.

आज सकाळी त्यांना एसटीत बसवून दिलं. डबी त्यांची होती, म्हणून जड मनानं मी खिडकीतून पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, पदरानं पुसली... आणि परत माझ्या मुठीत दाबली.

"तुज्यापाशीच असू दे. पुन्ना आले म्हंजी मागायला कायतरी पायजे की."

घरी येऊन डबी फडताळात चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. उद्या पहाटे भोंगा होईल, शेजारचे माग सुरू होतील. मंद्रूपला अव्वा जाग्या होतील आणि त्यांच्या तोंडात ती कधी न दिसणारी विणकर माणसं अजूनही कामावर असतील... त्यांचे आभार कुणाकडं पोचवायचे, ते मात्र मला ठाऊक नाही.