तिच्या उंचीची फळी

आज चहा ठेवताना फळीवर पुन्हा कपाळ आपटलं. माझं आयुष्यातलं पहिलंच सुतारकाम. बायको वीस वर्षं म्हणत होती, "अहो, डब्यांना एक फळी ठोका की." ती गेल्यावर ठोकली. माप कळेना. ओट्यामागं भिंतीवर तिच्या हळदीच्या बोटांचा डाग होता, त्याच्या वीतभर वर खिळे मारले. ती बुटकी होती, हे मारताना ध्यानात होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही.

लेक म्हणाली, "बाबा, वर घ्या ना. आता तुम्हीच वापरणार."

बरोबर आहे तिचं. पण मग ही फळी कुणाची? सकाळपासून पक्कड हातात घेऊन उभा आहे. घरात काय कुठं ठेवायचं, हे मी बायकोलाच विचारत आलो.