देवरावची सोपी लाईन

प्रवीणचा फोन आला तेव्हा मी वाडीच्या बाजारात वांगी निवडत होतो. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. पहाटे छातीत कसं दुखायला लागलं, दवाखान्यात नेता नेताच कसं संपलं, हे तो सांगत राहिला. मी ऐकत होतो आणि माझा हात वांगी निवडतच होता. घरी आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि बायकोला आधी वांग्यांचा भाव सांगितला, मग देवराव गेल्याचं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सगळं असंच उलटसुलट लागतंय... जे आधी यायचं ते मागून येतं. हे लिहिणंही तसंच होईल कदाचित. पण लिहायचं आहे, कारण देवरावच्या तेरवीला त्याच्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली गेली, आणि ती ऐकताना मी हात जोडून बसलो होतो.

देवराव आणि मी एकाच गॅस एजन्सीत ड्रायव्हर म्हणून लागलो. तो नरखेड तालुक्यातल्या खेड्यातला, मोसंबीच्या बागेत वाढलेला, बोलायला कमी आणि हसायलाही कमीच. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे नुसता गाडी चालवणारा नव्हे. वाडीच्या गोडाऊनमधून टेम्पो भरायचा, शहरात न्यायचा आणि एकेक सिलिंडर स्वतः लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचं. सपाट जागा असली तर भरलेलं सिलिंडर बुडाच्या कडेवर तिरपं करून फिरवत नेता येतं. जिना आला की खांद्याशिवाय इलाज नाही. या कामात रिटायर होईपर्यंत कोणी टिकत नाही. कोणाचे गुडघे जातात, कोणाची कंबर, मग कोणी ऑटो घेतो, कोणी चौकीदारी पाहतो. माझी कंबर गेली तेव्हा मालकांनी मला गोडाऊनवर बसवलं, आणि रोज सकाळी कोणत्या गाडीला कोणती लाईन द्यायची, म्हणजे शहराचा कोणता भाग द्यायचा, हे माझ्याकडे आलं.

देवरावचे गुडघे दुखतात हे मला त्याच्या चालण्यावरून कळलं. तो सांगणारा नव्हता. टेम्पोतून उतरताना तो आधी दाराला धरायचा, क्षणभर तसाच थांबायचा आणि मग पाय टेकायचा. मी विचार केला, आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं. शहराच्या वेस्टकडे जुन्या बंगल्यांची एक कॉलनी होती. मी स्वतः ती लाईन अनेक वर्षं चालवली होती, त्यामुळे तिथलं एकेक फाटक माझ्या डोळ्यांसमोर होतं. सगळी घरं तळमजल्यावर, मागच्या दारातून थेट स्वयंपाकघर, अंगणात पेरूची नाहीतर आंब्याची झाडं. गोडाऊनमध्ये यापेक्षा सोपी लाईन नव्हती. ती मी देवरावला कायमची देऊन टाकली.

बाकीच्यांना ते आवडलं नाही. "साहेबाची लाईन आहे बाप्पा, आपल्याले कशी भेटंन," असं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे. एकदोघांनी ती लाईन मागूनही पाहिली. मी दिली नाही. काही वर्षांनी टोमणे आपोआप बंद झाले आणि ती लाईन कोणी मागेनासं झालं. लोकांना सवय झाली, असं मी धरून चाललो.

पुढे देवराव परत यायला उशीर करू लागला. बाकीच्या गाड्या रिकामी सिलिंडरं उतरवून मोकळ्या व्हायच्या, तेव्हा कुठे याचा टेम्पो फाटकातून आत यायचा. एकदा मी सगळ्यांसमोर त्याला चिडवलं, "काय गा देवराव, बंगल्या-बंगल्यात चहा पिऊन राहिला का?"

"हो ना भाऊ," तो म्हणाला, "चार घरी झाला."

सगळे हसले. मीही हसलो. आता आठवतं की तो हातातला घाम पुसायचा दुपट्टा पिळत होता... की ते दुसऱ्याच कुठल्या दिवसाचं आहे, हे मला आता नक्की सांगता येत नाही.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी त्याला सरळ विचारलंही होतं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघंच डबा खात होतो. म्हटलं, "एकाच लाईनचा कंटाळा आला असंन तं बदलून देऊ का?" त्यानं घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "काहून? कोणाले पाहिजे का?" मी म्हटलं, "नाही, कोणी मागून नाही राहिलं." तो म्हणाला, "मंग राहू दे." एवढंच. त्यात राग होता का, हे मी गेले काही आठवडे शोधतो आहे.

तो रिटायर झाला. आमच्या गोडाऊनमध्ये या कामातून रिटायर होणारा तो पहिलाच. मालकांनी शाल दिली, नारळ दिला, लोखंडासारखा माणूस म्हणाले. देवरावनं शाल काढून नीट घडी केली आणि सवयीनं टेम्पोच्या सीटवर नेऊन ठेवली. मग टेम्पो आता आपला नाही हे लक्षात येऊन परत आणली. गावी भावाच्या बागेत जाऊन राहीन म्हणत होता. वर्ष सरायच्या आतच फोन आला.

तेरवीला प्रवीण उभा राहिला. पोरगा चांगला आहे, कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तो माझ्याकडे हात करून म्हणाला, "या काकांनी बाबाले सोपी लाईन देली, म्हणून ते शेवटपर्यंत टिकले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही." त्याच्या आईनं, कुसुमवहिनींनी, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर मांडवाबाहेर एका बाईंनी मला थांबवलं. त्या देवरावच्या ग्राहक होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तिसऱ्या माळ्यावर यायचे हो, पण तोंडातून कधी शब्द नाही." मला वाटलं, कोणाच्या बदलीवर गेला असेल. कोणती कॉलनी, असं विचारलं तर त्यांनी माझ्या बंगल्यांच्या कॉलनीचं नाव घेतलं. म्हटलं, "तिथं कुठून आला तिसरा माळा?" परगावच्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळे फ्लॅटच आहेत आता. बंगला एखादा राहिला असेल."

पुढच्या आठवड्यात मी ऑटो करून गेलो. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ होतं म्हणून कॉलनी ओळखू आली. फाटकं नव्हती, झाडं नव्हती. दोन्हीकडे तीन-चार मजली इमारती. जिथे लिफ्ट होती तिथे दारावर चिकटवलेलं, लिफ्टमधून सिलिंडर नेऊ नये. मी किती वर्षं त्याला इथे पाठवत होतो? पावत्या शहरातल्या ऑफिसमध्ये निघायच्या आणि लाईनप्रमाणे गठ्ठे बांधून गोडाऊनला यायच्या. मी रबर बँड न काढता गठ्ठा देवरावच्या हातात ठेवायचो. एकदा काढला असता तर वरच्या पावतीवरच फ्लॅटचा नंबर दिसला असता. या लाईनची सिलिंडरं वाढत चालली आहेत हे दिसत होतं, पण माझ्या डोक्यात पेरूची झाडं होती. टोमणे मारणाऱ्यांना कळलं होतं, म्हणूनच ते गप्प झाले होते. त्यांनाही वाटलं असेल की मला माहीत आहे, मी मुद्दाम करतोय.

आणि देवराव? त्याला काय वाटत होतं? भाऊला कळत नाही, असं वाटत होतं? की भाऊला कळतं तरी... एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. दुसऱ्या दिवशी मी लाईन बदलली असती. बदलली असती ना? मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हृदयाचं काही सांगता येत नाही, खुर्चीवर बसणाऱ्यालाही होतं. लाईनचं खरं काय ते मी प्रवीणला अजून सांगितलेलं नाही. तो हे वाचेल, तेव्हा त्याला कळेल.

त्याच दिवशी बाईंचा फ्लॅट शोधत मी तिसऱ्या माळ्याकडे चढलो. दुसऱ्यावर थांबलो, तिथे थोडा वेळ कठड्याला धरून उभा राहिलो. वळणावर भिंतीलगतच्या फरशीवर गंजाची गोल वर्तुळं होती, एकात एक मिसळलेली. सिलिंडर खाली टेकवलं की बुडाची कड असा डाग सोडते. पहिल्या वळणावर तसं काही नव्हतं. म्हणजे तो दर वेळी इथवर दम धरायचा.

बाईंनी पाणी दिलं. मी कोण ते त्यांना आता नीट सांगितलं. "अच्छा, म्हणजे तुम्हीच ते भाऊ," त्या म्हणाल्या. "एकदा मी त्यांना म्हटलं होतं, या वयात कशाला चढता, सोपं काम मागून घ्या. तर म्हणाले, हीच सोपी लाईन आहे बाई, गोडाऊनमध्ये माहा भाऊ बसते, त्यानं निवडून देली मले."

मी विचारलं, "हे म्हणताना तो हसत होता का?"

त्यांनी आठवून पाहिलं.

"दम लागला होता हो त्यांना," त्या म्हणाल्या. "हसले की नाही, ते नाही सांगता येणार."